पाढे पाठ, पण गुंठा मोजता येईना!

बे एके बे, बे दुणे चार. गुणाकार म्हणजे पाढे आणि पाढे म्हणजे घोकंपट्टी, हे आपल्या डोक्यात इतके घट्ट बसले आहे की पोराने तीसपर्यंतचे पाढे धडाधडा म्हणून दाखवले की आईबाप धन्य होतात. त्याच पोराला विचारून बघा, चौदा ओळी आहेत, प्रत्येक ओळीत बारा पोफळी आहेत, तर वाडीत एकूण झाडे किती? बरीच मुले उलट विचारतात, 'बेरीज करायची की गुणाकार?' यात मुलाची बुद्धी कमी आहे असे समजण्याचे कारण नाही. गुणाकार त्याला ऐकवला गेला आहे, दाखवला गेलेला नाही.

आणि दाखवायला साधने नाहीत असेही नाही. अलिबाग तालुक्यातले थळ गाव घ्या. एका अंगाला 1985 साली सुरू झालेला आरसीएफचा खत कारखाना, समोर समुद्रात खांदेरी आणि गावात नारळी-पोफळीच्या वाड्या. ओळीने लावलेली वाडी म्हणजे जमिनीवर लिहिलेला गुणाकारच होय. पण आमची शाळा मुलाला वाडीकडे पाठ करून बसवते आणि भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता वाचायला लावते!

चौदा गुणिले बारा कागदावर काढून पाहू. एक आयत काढा. लांबीचे दोन भाग करा, दहा आणि चार. रुंदीचे दोन भाग करा, दहा आणि दोन. आता आयताचे चार तुकडे झाले. दहा दाहे शंभर, दहा दुणे वीस, चार दाहे चाळीस, चार दुणे आठ. बेरीज एकशे अडुसष्ट. पुष्कळ मुले काय करतात? दहा दाहे शंभर, चार दुणे आठ, म्हणून उत्तर एकशे आठ. फळ्यावर गुरुजी त्यावर लाल फुली मारतात आणि मूल गप्प बसते. चित्र समोर असेल तर फुलीची गरजच उरत नाही. आयताचे दोन तुकडे मोजायचे राहिले, साठ झाडे हिशेबातून गायब झाली, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. तोच कागद आडवा फिरवला की सात आठे आणि आठ साते हा एकच आयत आहे हेही कळते. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार आहेत. ही एक गोष्ट उमगली की पाठ करायचे उरतात पंचावन्न.

पाढे पाठ करूच नयेत असे माझे म्हणणे नाही. समज आधी यावी, पाठांतर मागाहून, एवढेच म्हणणे आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असे वाचन सुचवले गेले तेव्हा केवढा गदारोळ झाला! मराठी बुडाली म्हणून टाहो फोडला गेला. गणित समितीच्या दिवंगत मंगला नारळीकर शांतपणे कारण सांगत राहिल्या, ऐकणारे थोडे होते. एकवीस म्हणजे वीस आणि एक हे ज्याला दिसते, त्यालाच वरचा आयत तोडता येतो. ज्यांच्या घरात दोन पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांच्या मुलांना हे घरीच सांगितले जाते. आमच्या मुलांना ते शाळेनेच सांगायचे असते.

आता मोबाईलवरच्या शिक्षणाकडे वळू. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पात क्षेत्रफळाच्या आयताने गुणाकार दाखवणारी साधने फुकट मिळतात. मूल बोटाने आयताचा कोपरा ओढते, आयत वाढतो, तसे आकडे बदलतात. एकदा उतरवून घेतले की पुढे नेट नसले तरी चालते. नेटपॅक संपलेल्या घरासाठी ही गोष्ट मोठी आहे. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, 2017 पासून 'दीक्षा' आहे. साधनांचा तुटवडा नाही, निवड मात्र नीट करावी लागते. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि ऑनलाईन शिक्षणाच्या नावाखाली व्हॉट्सअॅपवर काय आले? पाढ्यांच्या वहीचे फोटो आणि फळ्यासमोर बोलणाऱ्या शिक्षकाचे व्हिडिओ. घोकंपट्टी तीच, फक्त पडद्यावर आली. मुलाच्या बोटाने आयत लहानमोठा होतो का, एवढे पाहिले तरी साधन खरे की खोटे ते कळते.

पण बोट ठेवायला फोन कुठे होता? त्या वर्षी जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका सुरू करावी लागली, ती टीव्ही जिथे पोहोचतो तिथे नेट पोहोचत नाही म्हणूनच. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये आदेश दिला की ऑनलाईन वर्ग घेणाऱ्या शाळांनी दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना उपकरण आणि नेट मोफत पुरवावे. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. संविधानाचे कलम 21-अ मोफत शिक्षणाची हमी देते. वर्ग फोनवर भरत असेल तर फोनही त्या मोफत शिक्षणाचा भाग आहे, असे वकील म्हणून माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, तिसरीच्या गणितात चळवळीचे काय काम? ज्या अलिबाग तालुक्यात थळ आहे, त्याच तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 असा खोतांविरुद्ध संप केला. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताच्या हाती जमीन होती, माप होते आणि हिशेबाची वहीही होती. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात हिशेब आणि शेतीचे ज्ञान मागितले, ते उगाच नव्हे.

खोत गेला, आता एजंट आला आहे. मुंबईच्या पैशाने या किनारपट्टीवर गुंठ्याचे भाव कुठल्या कुठे नेले. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. मग 66 फूट बाय 66 फुटांचा तुकडा किती गुंठे? वकिलीत हा प्रश्न मी शिकल्या-सवरल्या माणसांना विचारतो आणि 'दोन' हे उत्तर ऐकतो. बाजू दुप्पट, म्हणून जमीन दुप्पट! चौकोन काढा, मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ मारा. चार घरे दिसतात. चार गुंठे. दोन गुंठ्यांच्या भावात चार गुंठे लिहून देणाऱ्याला वीसचा पाढा पाठ असून उपयोग काय? पुढे सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर येतात, एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, तिथे तर माणूस हातच टेकतो आणि समोरचा दाखवेल तिथे सही करतो. सही झाल्यावर तो आमच्याकडे येतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

2021 मध्ये केंद्राने 'निपुण भारत' आणले. 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला सोपे गुणाकार यावेत, असे त्यात ठरले. ते आपल्या वस्तीत झाले का, हे अहवाल वाचून कळणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या जागांवर बसणाऱ्या आयाबहिणींनी पुढच्या बैठकीत तिसरी-चौथीची वही मागावी. गुणाकाराच्या पानावर एखादा तरी आयत काढला आहे का ते पाहावे. नसेल तर शिक्षकांना विचारावे. आणि रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढावा. कार्यकर्त्याचा एक फोन, त्यात उतरवून घेतलेला आयत, चौकटीच्या वह्या आणि मूठभर चिंचोके. दहा मुलांना एवढे पुरते. मोठी मुले जमली तर त्यांच्या हाती टेप द्यावा आणि विहाराचे अंगण किती गुंठे आहे ते काढायला सांगावे.