हँडल का थरथरतं?

तारांच्या चाकाची मोटरसायकल अजून गावोगावी आहे. कुणाकडे सासऱ्यांच्या वेळची बुलेट, कुणाकडे जुनी स्प्लेंडर. आणि ती आता फक्त पुरुषच चालवतात असंही नाही. शाळेवर, आरोग्य केंद्रावर, मळ्यात जायला बायकाही तिच्यावर टांग टाकतात. तर मैत्रिणींनो, पन्नास-साठच्या वेगाला हँडल थरथरत असेल, उतरल्यावर तळहाताला मुंग्या येत असतील, तर ‘मॅडम, रस्ताच तसा आहे’ या उत्तरावर गप्प बसू नका. चांगल्या डांबरी रस्त्यावरही थरथर असेल तर चाकाचा तोल बिघडलेला असू शकतो.

छताचा पंखा आठवा. एक पातं जड झालं की अख्खा पंखा हलतो. चाकात जड जागा असते ती व्हॉल्व्हपाशी, रिमच्या सांध्यापाशी किंवा टायरमध्येच. अठरा इंची चाक ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला जवळपास ९ फेरे घेतं. रिमवर नुसता २० ग्रॅमचा फरक असला, तरी त्या वेगाला साधारण दीड किलोचा ओढा बसतो. वेग दुप्पट झाला की ओढा चौपट!

आधी हवा बघा. मग चाक ‘आउट’ तर नाही ना, हे बघा. रिमजवळ खडू स्थिर धरून चाक फिरवायचं. मधली फट कमी-जास्त होत असेल तर चाक आउट. स्पोकवर पान्याने हलकेच टिचकी मारा. कुंभाराकडे मडकं वाजवून घेतो ना, तसंच. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर ढिला. पण स्पोक स्वतः पिळू नका. रिम आणखी वाकते, जास्त वर आलेलं टोक ट्यूबला भोक पाडतं. ते काम आउट काढणाऱ्याचंच.

चाक सरळ असेल तर तोल घरी बघता येतो. गाडी मेनस्टँडवर, इंजिनाखाली लाकडी ठोकळा, आणि पुढचं चाक काढायला कुणीतरी जाणतं सोबत हवं. ड्रम ब्रेक असेल तर त्याची प्लेट बाजूला ठेवा. डिस्क असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबायचा नाही, लेकरांनाही हँडलपाशी फिरकू देऊ नका. एक्सल परत चाकात घालून त्याची टोकं सारख्या उंचीच्या दोन भक्कम स्टुलांवर टेकवा. चाक हलकेच फिरवा, आपोआप थांबू द्या. खाली आलेल्या जागी खडूची खूण. असं चार-पाच वेळा. दरवेळी तीच खूण खाली आली तर ती जागा जड.

मग बरोबर समोर, वरच्या बाजूला, चिकटपट्टीने छोटे नट-वॉशर लावून पाहा. घाई नको. चाक कुठेही थांबवलं तरी तिथेच राहिलं की जमलं. ते नट सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या आणि तेवढ्याच वजनाची सोल्डरची तार रिमलगतच्या स्पोकवर घट्ट गुंडाळून वर टेप लावा. तारेत शिसं असतं, हात साबणाने धुवा.

चाक बसवल्यावर एक्सलचा नट, ब्रेक आणि मीटरची केबल मेकॅनिककडून तपासून घेतल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. एवढं करूनही थरथर राहिलीच, तर बेअरिंग आणि कोनसेट बघायला सांगा. टायर बदलला की तोल पुन्हा बघावा लागतो. मागच्या चाकाला साखळीची कटकट असते, म्हणून सुरुवात पुढच्यापासूनच करा.