निर्वासितांच्या लेकरांचा दाखला

अहेरीच्या आठवडी बाजारात मासळी घेणाऱ्या प्रत्येकाला बंगाली विक्रेता ठाऊक आहे. मुलचेरा तालुक्यातील सुंदरनगर, विवेकानंदपूर अशा वसाहतींतून तो येतो आणि बाजार उठला की परत जातो. हा माणूस इथे कसा आला, कोणत्या समाजाचा, याची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली? आम्हीही वीस वर्षे केली नव्हती, हे आधीच कबूल करतो.

ऑक्टोबर 2023 नंतर गाझाच्या बातम्या रोज येऊ लागल्या. एका ओळखीच्या बंगाली घरी आम्ही चहाला बसलो होतो. टी.व्ही.वर तंबूंच्या रांगा आणि हातात भांडी घेतलेली पोरे दिसत होती. घरची आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आमी पण असेच होतो, मानामध्ये."

माना ही रायपूरजवळची निर्वासितांची छावणी. 1964 साली पूर्व पाकिस्तानात दंगली झाल्या, तेव्हा हजारो कुटुंबे तिथे तंबूंत येऊन पडली. आजी त्या वेळी आठ वर्षांची होती. आई रेशनच्या रांगेत आणि तान्हा भाऊ हिच्या मांडीवर. तो भाऊ छावणीतच गेला. पुढे अशा काही कुटुंबांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जंगल तोडून जमिनी देण्यात आल्या. ते जंगल आमच्या गोंड-माडिया बांधवांचे, हेही लिहिले पाहिजे. दोन गरिबांना सरकारने शेजारी बसवले, विचारले कोणालाच नाही.

ही माणसे बहुतांशी नमःशूद्र, म्हणजे बंगालमधील अस्पृश्य समाज. 1946 मध्ये मुंबई प्रांतातून घटना समितीत जाण्याची वाट बंद झाली, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर बाबासाहेब बंगालमधून निवडून गेले. मंडल स्वतः नमःशूद्र. ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि 1950 मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. ज्यांच्या पाठिंब्याने बाबासाहेब घटना समितीत पोहोचले, त्यांची नातवंडे आपल्या बाजारात मासळी विकतात आणि आपण त्यांना नुसते "बंगाली" म्हणतो!

आजीच्या नातीच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यातही "बंगाली" एवढेच आहे. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. जातीच्या प्रमाणपत्रासाठी एका कचेरीत तीन खेपा झाल्या आणि अर्ज परत आला. कारण साधे आहे. नमःशूद्र जात पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. आम्ही कारकून असल्यामुळे नियम समजतो. यादीत भर घालण्याचा अधिकार कलम 341 प्रमाणे संसदेचा आहे, टेबलावरच्या बाबूचा नाही. पण त्या बाबूने पोरीला "तुम्ही इथले नाहीच" असे ऐकवले, ते कोणत्या नियमात बसते? तिचा जन्म इथला, तिच्या बापाचाही इथलाच.

पॅलेस्टिनी लेकरांची गोष्ट उलट बाजूने अशीच आहे. 1948 मध्ये सात लाखांवर माणसे घरादाराला मुकली. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थेने 1950 पासून शाळा आणि दवाखाने चालवले. युद्धापूर्वी एकट्या गाझात तिच्या शाळांत सुमारे तीन लाख मुले शिकत होती. युद्ध पेटले आणि त्याच शाळांत बेघर कुटुंबे राहायला आली. हजारो मुले मारली गेली. ऑगस्ट 2024 मध्ये तिथे पंचवीस वर्षांनी पोलिओ सापडला. तेव्हा भागाभागाने लढाई थांबवून दहा वर्षांखालील साडेपाच लाखांवर मुलांना डोस पाजले. दोन थेंबांसाठी तोफा थांबू शकतात, मग एरवी का थांबत नाहीत, असे आजीने विचारले. आमच्याकडे उत्तर नव्हते. तिथल्या पोराला शाळा मिळाली, देश नाही. इथल्या पोरीला देश मिळाला, कागद नाही.

आमच्यातलेच काही म्हणतात, "आधीच जागा कमी, त्यात आणखी वाटेकरी कशाला?" ही भीती खोटी नाही. आमचीही मुले त्याच रांगेत आहेत. तरीही आम्हाला वाटते, की वाटेकरी वाढले तर वाटा वाढवून मागावा, दार लावून घेऊ नये. आपल्यालाही एके काळी दाराबाहेरच उभे केले होते ना?

यादीचा प्रश्न कधी सुटेल ते सुटेल. तोवर या मुलांना आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र काढून देता येते. पुष्कळ पालकांना हे माहीतच नाही. मराठीत अर्ज भरणे त्यांना जड जाते. येत्या रविवारी आम्ही दोघे-तिघे विवेकानंदपूरला बसणार आहोत. मानाचे छावणी-कार्ड, पुनर्वसनाचा आदेश, जमिनीच्या पट्ट्याचा कागद ज्यांच्याकडे असेल त्यांनी घेऊन यावे आणि आधी झेरॉक्स काढून ठेवावी. आजीचे कार्ड पत्र्याच्या पेटीत होते. एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे, पण नाव अजून वाचता येते.