घरगुती मुखलेप

घरगुती मुखलेप म्हणजे स्वयंपाकघरातील पीठ, दही, साय, मध, हळद, फळे यांसारखे पदार्थ कालवून चेहऱ्यावर काही काळ लावून ठेवण्याचा व नंतर धुऊन काढण्याचा लेप. बोलीभाषेत यास ‘फेसपॅक’ असेही म्हणतात. असा लेप त्वचेवरील तेलकटपणा व मळ काढून टाकतो आणि कोरड्या त्वचेस तात्पुरता मऊपणा देतो. त्वचेचा मूळ रंग बदलणे, मुरुमे कायमची घालविणे किंवा सुरकुत्या नाहीशा करणे हे त्याचे कार्य नव्हे. घरचा पदार्थ निर्धोक असतोच, हा समजही सर्वस्वी खरा नाही.

इतिहास

आयुर्वेदाच्या ग्रंथांत लेपांचा विचार विस्ताराने आलेला आहे. चरकसंहितेत त्वचेच्या वर्णास हितकर अशा दहा द्रव्यांचा ‘वर्ण्य’ नावाचा गण सांगितला असून त्यात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, अनंतमूळ इत्यादींचा समावेश होतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या ग्रंथाच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात मुखलेपाचे दोषनाशक, विषनाशक आणि वर्णकर असे तीन प्रकार दिले आहेत. लेपाची जाडी अंगुळाच्या चतुर्थांशापासून अर्ध्यापर्यंत असावी, असे तेथे म्हटले आहे. सहा ऋतूंसाठी निरनिराळे लेपही सांगितले आहेत. हेमंतातील लेपात पांढरी मोहरी, शिशिरातील लेपात तीळ व जव, तर ग्रीष्मातील लेपात कमळे, दूर्वा, ज्येष्ठमध व चंदन येते.

याच अध्यायातील एक सूचना आजही उपयुक्त आहे. लेप ओला असेपर्यंतच चेहऱ्यावर ठेवावा, वाळलेला लेप त्वचेची कांती बिघडवितो आणि काढताना तो भिजवूनच काढावा, असे ग्रंथकार सांगतो. लेप पूर्ण वाळून चेहरा ताणला गेला म्हणजे तो ‘लागू पडला’, ही प्रचलित समजूत या सूचनेच्या नेमकी उलट आहे.

महाराष्ट्रातील लोकपरंपरा

महाराष्ट्रात लेपाचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे उटणे. ‘उटणे’ आणि हिंदीतील ‘उबटन’ या शब्दांचा संबंध संस्कृत ‘उद्वर्तन’ या शब्दाशी जोडला जातो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी अंगाला तेल चोळून मग उटणे लावण्याची प्रथा आहे. उटण्यात चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, गुलाबपाकळ्या, संत्र्याची वाळलेली साल आदींची वस्त्रगाळ पूड असते. आधी तेल आणि मग उटणे या क्रमास कारण आहे. पूड जादा तेल शोषून घेते आणि तेलामुळे पुडीचे घर्षण सौम्य होते.

विवाहापूर्वी वधूवरांना हळद लावण्याचा विधी आणि तान्ह्या बाळाला डाळीचे पीठ व साय लावून न्हाऊ घालण्याची घरोघरची रीत हीही याच परंपरेची रूपे होत. साबण सर्वत्र पोहोचण्यापूर्वी डाळीचे पीठ हेच अनेक घरांतील रोजचे स्वच्छतेचे साधन होते.

लेपाचे कार्य

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. त्याला शृंगी थर म्हणतात. या थरातील स्निग्ध पदार्थ पाणी आत धरून ठेवतात व बाहेरचे जंतू अडवितात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारणपणे ४.५ ते ५.५ असतो. बाह्यत्वचेच्या पेशी तळाशी तयार होऊन गळून पडेपर्यंत सुमारे चार आठवडे जातात.

घरगुती लेपाचा परिणाम मुख्यतः या बाहेरच्या थरापुरताच राहतो. पीठ व माती तेल शोषतात. ओल्या लेपामुळे शृंगी थर पाणी घेऊन किंचित फुगतो, त्यामुळे चेहरा काही तास मऊ व तजेलदार दिसतो. पुसताना सुट्या झालेल्या मृत पेशी निघून जातात. त्वचेचा रंग ठरविणारे मेलॅनिन हे रंगद्रव्य मात्र बाह्यत्वचेच्या तळच्या थरातील पेशींत तयार होते आणि पिठाचा लेप तेथवर पोहोचत नाही. लेपामुळे त्वचेची रंध्रे ‘उघडतात’ किंवा ‘मिटतात’ असेही म्हटले जाते. परंतु रंध्रांना उघडझाप करणारे स्नायू नसतात. त्यांतील तेल व मळ निघाल्यामुळे ती लहान भासतात, इतकेच.

प्रमुख घटक

* बेसन व मसूरडाळीचे पीठ: तेल शोषते. जाडसर पीठ चोळल्यास त्वचा खरवडली जाते, म्हणून ते बारीक चाळून घेतात.
* दही: यातील लॅक्टिक आम्ल मृत पेशींना सौम्यपणे सुटे करते. दह्यातील आम्लाचे प्रमाण प्रत्येक वेळी वेगळे असल्याने फार आंबट दही टाळतात.
* साय: स्निग्धतेमुळे कोरड्या त्वचेस उपयोगी. तेलकट व मुरुमे असलेल्या त्वचेस योग्य नाही.
* मध: साखरेचे प्रमाण अधिक असल्याने ओलावा धरून ठेवतो. एक वर्षाखालील बालकाच्या पोटात मध जाणे धोक्याचे असते, म्हणून तान्ह्या बाळाच्या चेहऱ्याला तो लावू नये.
* हळद: यातील कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्याचा दाहशामक म्हणून पुष्कळ अभ्यास झाला आहे. लेपात चिमूटभर पुरते. अधिक घातल्यास चेहऱ्यावर पिवळे डाग राहतात.
* ओट्सचे पीठ: खाज व कोरडेपणा कमी करते. विशिष्ट प्रकारे बारीक केलेल्या ओट्सच्या पिठास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये त्वचारक्षक घटक म्हणून मान्यता दिली.
* मुलतानी माती: हा स्वयंपाकघरातील पदार्थ नसला, तरी लेपात सर्रास वापरला जातो. मुलतान या शहरावरून तिला हे नाव मिळाले. ती तेल जोरकसपणे शोषते, त्यामुळे कोरड्या त्वचेस ती मानवत नाही.

साधारण कृती

तेलकट त्वचेसाठी दोन चमचे बारीक बेसन, चिमूटभर हळद आणि एक ते दीड चमचा ताजे दही एकत्र कालवतात. कोरड्या त्वचेसाठी दोन चमचे ओट्सचे पीठ, एक चमचा साय व अर्धा चमचा मध घेतात. संवेदनशील त्वचेसाठी ओट्सचे पीठ केवळ पाण्यात कालविणे पुरेसे होते. मिश्रण चेहऱ्यावरून ओघळणार नाही इतपत दाट असावे.

हात व चेहरा स्वच्छ धुऊन डोळे व ओठांभोवतीचा भाग सोडून पातळ थर लावतात. दहा ते पंधरा मिनिटांनी, लेप पूर्ण वाळण्यापूर्वी, कोमट पाण्याने भिजवून तो न घासता काढतात. चेहरा टिपून घेऊन लगेच नेहमीचे तेल किंवा मलम लावल्यास ओलावा टिकतो. आठवड्यातून एकदा लेप लावणे पुरेसे असते.

कोणताही नवा लेप चेहऱ्यास लावण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस थोडासा लावून, धुऊन, एक ते दोन दिवस तेथे लाली, खाज किंवा पुरळ येते का हे पाहावे. भिजविलेला लेप साठवू नये. त्यात परिरक्षक नसल्याने जंतू लवकर वाढतात. कोरडी पूड हवाबंद डब्यात टिकते.

टाळावयाचे पदार्थ

लिंबाचा रस हा घरगुती लेपांतील सर्वांत धोकादायक घटक म्हणता येईल. त्याचा सामू २ ते ३ च्या दरम्यान, म्हणजे त्वचेच्या मानाने फारच आम्लधर्मी असतो. शिवाय लिंबूवर्गीय फळांतील फ्युरोकुमारिन ही द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागल्यास एकदोन दिवसांत भाजल्यासारखी लाली किंवा फोड येतात आणि मागे काळसर डाग उरतात. हे डाग कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने टिकतात. उजळपणासाठी लावलेले लिंबू अशा रीतीने चेहरा काळवंडविण्यास कारण ठरते.

खाण्याचा सोडा अल्कधर्मी असल्याने त्वचेचे आम्लावरण बिघडवितो. दालचिनी व लसूण यांनी त्वचा पोळू शकते. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग संभवतो. साखर, मीठ किंवा अक्रोडाच्या कवचाची पूड चेहऱ्यावर चोळल्यास त्वचेवर सूक्ष्म ओरखडे पडतात. ज्या पदार्थाची खाण्यात ॲलर्जी आहे, तो लेपातही वर्ज्य समजावा.

भेसळ हाही विचारात घेण्याजोगा धोका आहे. हळदीच्या पुडीत मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग किंवा लेड क्रोमेट हे शिशाचे संयुग मिसळल्याचे प्रकार भारतीय उपखंडात आढळले आहेत. शिसे विशेषतः लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. म्हणून खात्रीची हळकुंडे घरी दळून घेणे श्रेयस्कर.

हळदीचे पेटंट

१९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखमा भरून काढण्यासाठी हळदीचा वापर करण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. हा उपयोग भारतात पूर्वापार ज्ञात असल्याचे लेखी पुरावे सादर झाल्यावर १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. घरगुती ज्ञान लिखित स्वरूपात नोंदवून ठेवण्याचे महत्त्व या प्रकरणाने अधोरेखित केले. त्यानंतर २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले.

सामाजिक संदर्भ

घरगुती लेपांच्या लोकप्रियतेमागे गोऱ्या रंगाचे आकर्षण हे एक मोठे कारण आहे. विवाहविषयक जाहिरातींतील ‘गोरी’ वधूची मागणी महाराष्ट्रासही अपरिचित नाही. २०२० मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हर कंपनीने आपल्या ‘फेअर अँड लव्हली’ या प्रसाधनाच्या नावातून गोरेपणाचा वाचक शब्द वगळला. मेलॅनिन सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करते. सावळा वर्ण हा दोष नव्हे वा व्याधीही नव्हे. लेपाने वर्ण उजळला नाही म्हणून वैद्यकीय सल्ल्याविना स्टेरॉइडयुक्त मलमांकडे वळणे अधिक घातक असते. त्यामुळे त्वचा पातळ होणे, लाली, केस वाढणे व मुरुमे असे परिणाम उद्भवतात.

वैद्यकीय सल्ला

पू असलेली किंवा गाठीची मुरुमे, इसब, वांग, जखम अथवा भाजलेली त्वचा यांवर घरगुती लेप लावू नये. गाठीच्या मुरुमांचे व्रण कायमचे राहू शकतात, म्हणून किशोरवयीन मुलामुलींनी लेपांच्या प्रयोगांत महिने न दवडता त्वचारोगतज्ज्ञास दाखविणे आवश्यक असते. लेप लावल्यावर आग होऊ लागल्यास तो तत्काळ भरपूर साध्या पाण्याने धुवावा. सूज येणे, फोड उठणे किंवा श्वासास त्रास होणे अशी लक्षणे दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.