कवचाखालचा नारळ

आत खोबऱ्याचे सारण, बाहेर चॉकलेटचे कवच, त्यावर चमकता कागद: गेल्या तीस-चाळीस वर्षांत मराठी शहरी घरांतल्या देण्याघेण्यात हा गोड पदार्थ चांगलाच रुळला आहे. संक्रांतीच्या वाणात तो असतो, रुखवतात मांडलेला दिसतो, दिवाळीत शेजारी जाणाऱ्या डब्यातही चकली-शंकरपाळ्यांच्या बाजूला त्याला जागा मिळते. कोणी त्याला आपल्या नारळाच्या वडीचा नवा अवतार म्हणून कौतुकाने पाहते, तर कोणी परदेशी बारची घरगुती नक्कल म्हणून नाक मुरडते. त्याचा प्रवास तपासला तर दुसरे म्हणणे इतिहासाला अधिक धरून आहे, हे मान्य करावे लागते. कारखान्याने घराचा पदार्थ पळवल्याच्या कहाण्या आपण नेहमी ऐकतो. इथे मात्र घराने कारखान्याचा पदार्थ उचलला. त्यात कमीपणा काहीच नाही. पण उचलताना कारखान्याची अडचणही आपण सोबत उचलली आणि तिलाच कृती समजून बसलो, असे माझे म्हणणे आहे.

ही अडचण म्हणजे पाणी. ओल्या खोबऱ्यात जवळपास निम्मे पाणी असते, म्हणून खवलेला नारळ एका दिवसात आंबूस होतो. चॉकलेट आणि नारळ यांची गाठ ज्या शहरांत पडली, ती नारळाच्या झाडापासून हजारो कोस दूर होती. तिथवर खोबरे पोहोचवायचे तर ते वाळवणे भाग होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीलंकेत किसलेले खोबरे यंत्राने वाळवून निर्यात करण्याचा धंदा उभा राहिला. त्याच सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन बेकर या पीठगिरणीवाल्याला पिठाच्या किमतीपोटी क्यूबाहून जहाजभर नारळ आले, आणि ते खपवण्याच्या खटपटीतून त्याने सुक्या किसाचा व्यवसाय उभारला. पाणी 3 टक्क्यांच्या आसपास उतरले की हा कीस महिनोन्‌महिने टिकतो. या टिकाऊ किसावरच पुढचे सगळे उभे राहिले. 1919 मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला पीटर पॉल हॅलाजियन या आर्मेनियन स्थलांतरिताने भागीदारांसह कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी डार्क चॉकलेटमध्ये बुडवलेला खोबऱ्याचा ‘माउंड्स’ बार बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्सचा नारळ तुटल्यावर या कंपनीला कॅरिबियन भागातून नारळाची सोय करावी लागली. एका साध्या बारमागे केवढी दूरची शेती उभी होती, ते यावरून कळते. मार्सने 1951 मध्ये ब्रिटनमध्ये ‘बाउंटी’ आणला. आपल्याकडे तो बराच काळ दुकानापेक्षा सामानातून आला. सत्तरच्या दशकापासून आखातात कामाला गेलेली कोकण-गोव्यातली माणसे सुटीत परतताना चॉकलेटे आणत. 2001 पर्यंत परदेशी मालाच्या आयातीवर इथे संख्येचे निर्बंध होते. परसात माड उभा असलेल्या घरांत वाळवलेल्या खोबऱ्याचा बार अपूर्वाईची भेट म्हणून उघडला जात होता.

परदेशी घरांनी या पदार्थाचे काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत नाताळला ‘मार्था वॉशिंग्टन’ नावाच्या गोळ्या घरोघरी होतात: सुके खोबरे, कंडेन्स्ड मिल्क, पिठीसाखर आणि पेकन नट यांचा गोळा चॉकलेटमध्ये बुडवायचा. कवच लवकर आवळावे, चकाकावे म्हणून चॉकलेटमध्ये खाद्य पॅराफिन मेण घालण्याची रीत होती. हे कारखान्याच्याच वाटेने जाणे झाले. ईशान्येकडच्या मेन राज्याने मात्र निराळे काही केले. तिथल्या ‘नीडहॅम’ या खोबऱ्याच्या चौकोनी वडीत उकडून कुस्करलेला बटाटा असतो. बटाटा हे मेनचे मोठे पीक. बटाट्याची चव लागत नाही, पण सारण ओलसर आणि मऊ राहते. तिथेही वडीवर मेण घातलेले चॉकलेटच चढत असे, आणि खोबरे तर परमुलखातूनच येई. तरी आपल्या शेतातले काहीतरी आत घालून त्यांनी ती वडी आपलीशी केली. दुकानातून आलेला पदार्थ घराचा होतो तो असा.

आता आपल्याकडे वळू. इथे घरगुती चॉकलेट रुजले ते ‘कंपाउंड’च्या लाद्यांमुळे. खऱ्या चॉकलेटमधले कोको बटर लहरी असते. ते 33-34 अंशांना वितळते, आणि नीट आवळायला हवे तर डार्क चॉकलेट 45-50 अंशांपर्यंत तापवून, ढवळत 27-28 वर उतरवून, पुन्हा 31-32 वर आणावे लागते. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी पाम कर्नलसारखी वनस्पतिजन्य चरबी असते; वितळवले, साच्यात ओतले, फ्रीजमध्ये ठेवले की झाले. मुंबई-पुण्यात घरोघरी चाललेल्या वर्गांतून हे तंत्र झपाट्याने पसरले. अनेक बायकांना त्यातून स्वतःची कमाई मिळाली, आणि ती गोष्ट लहान नाही. पण साच्याला सोयीचे सारण हवे होते. म्हणून सुका कीस आणि कंडेन्स्ड मिल्क हे जोडपे आले, आणि नारळ फोडणे, खवणे, चव साखरेबरोबर आटवणे हे सगळे मागे पडले. नारळाच्या वडीचे खरे कसब त्या आटवण्यात आहे: मिश्रण कढईच्या कडा सोडू लागते तो क्षण ओळखण्यात, खवताना करवंटीलगतची तपकिरी पाठ येऊ न देण्यात. कंडेन्स्ड मिल्कमध्ये निम्म्याच्या आसपास साखरच असते. त्यावर दुधाळ कंपाउंडचे गोड कवच चढले की नारळ फक्त दाताखाली भुशासारखा उरतो, जिभेला लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो टिकण्याचा. ओला नारळ खराब होतो, कोणाला पोटाचा त्रास झाला तर? आक्षेप रास्त आहे, पण तो कारखान्याचा आहे. कारखान्याला माल गोदाम, ट्रक आणि दुकान यांतून महिनोन्‌महिने जगवायचा असतो. भेट मात्र आज होते, उद्या पोहोचते, चार दिवसांत संपते. नीट आटवलेल्या वडीत साखरेने पाणी बांधून ठेवलेले असते. ती फ्रीजमध्ये आठवडाभर सहज राहते, आणि कवचामुळे कोरडी पडत नाही. पथ्य एवढेच, की सारण पुरते गार झाल्याशिवाय बुडवायचे नाही, नाहीतर आतल्या वाफेचे पाणी होते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. गोव्यात नाताळला घरोघरी पाठवल्या जाणाऱ्या ताटात दोदोल आणि नेवऱ्यांसोबत नारळ-रव्याची कोकाद पिढ्यान्‌पिढ्या जाते आहे. नारळाचे गोड भेट म्हणून देता येत नाही, हे म्हणणे त्या ताटापुढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप हवेचा: आपल्या उकाड्यात खरे चॉकलेट कसे सांभाळायचे? ऑक्टोबरच्या उन्हात आलेल्या दिवाळीत ते कठीण जाते, हे खरे. दोन्ही लाद्या मिसळून मधला मार्गही निघत नाही. त्या दोन चरबींचे एकमेकींशी पटत नाही, कवच मऊ पडते, त्यावर पांढुरकी साय धरते. दिवाळीला म्हणूनच कंपाउंड वापरले तर मी त्याला दोष देणार नाही. चांगल्या प्रतीचे, गडद, कमी गोड घ्यावे, आणि डबा देताना ते चॉकलेट नसून कंपाउंड आहे हे सांगावे. डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी मात्र साधा थर्मामीटर आणि थोडा धीर एवढ्यावर खरे चॉकलेट घरात जमते. नाताळ आणि संक्रांत दोन्ही त्याच दिवसांत येतात. हवा कशीही असो, आतला नारळ ओला ठेवायला ती आड येत नाही.

उरतो वेळेचा प्रश्न, आणि तो सर्वांत खरा आहे. वीस डब्यांसाठी नारळ खवत बसणे नोकरी करणाऱ्या बाईला किंवा पुरुषाला परवडणार नाही. त्यावर माझे उत्तर असे, की डबे कमी करावेत. सुक्या किसाचा पदार्थ दुकानात आपल्यापेक्षा नीटनेटका आणि बहुधा स्वस्त मिळतो. तो घरी करण्यात एक संध्याकाळ घालवून वीस घरांना वाटण्यापेक्षा त्याच संध्याकाळी दोन नारळ खवून, आटवून, पातळ गडद कवचात बुडवून पाच घरांना द्यावेत, आणि वर जाड अक्षरांत ‘आठवड्यात संपवा’ असे लिहावे. उरलेल्या पंधरा घरांना दिवाळीचा फराळ आणि संक्रांतीचा तिळगूळ तसाही जातोच.