बडोदा मानदंड आणि पडद्यावरची चाचणी

तान्ह्या मुलाची समज वयाप्रमाणे वाढते आहे की नाही हे ठरवायचे, तर त्या वयाची इतर मुले काय काय करतात याची नोंद आधी हाताशी असावी लागते. मानसशास्त्रात तिलाच मानदंड म्हणतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील गृहविज्ञान विद्याशाखेच्या बालविकास विभागात डॉ. प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांच्या अमेरिकी मापनश्रेणीच्या आधारे भारतीय बालकांची अशी नोंद केली, आणि एक ते तीस महिन्यांच्या बालकांवरील त्यांचा अहवाल १९७० मध्ये सिद्ध झाल्यावर ‘बडोदा मानदंड’ हे नाव बालरोगतज्ज्ञांमध्ये रूढ झाले.

या मानदंडांतून पुढे आलेल्या श्रेणीत हालचालींचे ६७ आणि मानसिक वाढीचे १६३ घटक असल्याने गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती वापरणे अवघडच होते. म्हणून चाळणी चाचण्या घडल्या. त्या निदान करीत नाहीत, सविस्तर तपासणीची गरज असलेली मुले तेवढी वेगळी काढतात. १९९१ मध्ये बडोद्याची ५४ घटकांची चाचणी प्रसिद्ध झाली, आणि त्याच सुमारास त्याच मानदंडांतून १७ घटक निवडून त्रिवेंद्रमचा तक्ता तयार झाला. या तक्त्यावर मुलाच्या वयापाशी पेन्सिल उभी धरायची आणि तिच्या डावीकडे राहिलेली एखादी कृती, मग ते आवाजाकडे मान वळवणे असो वा दोन शब्द बोलणे, मुलाला जमत नसेल तर त्याला पुढे पाठवायचे, इतकी ती रीत सोपी आहे. आजच्या कोणत्याही ॲपला हेवा वाटावा असा हा सुटसुटीतपणा आहे.

वृद्धांच्या स्मृतीची चाळणी मात्र अक्षरओळखीपाशी अडली. अशा चाळणीसाठीच्या, फोल्स्टीन यांच्या १९७५ च्या चाचणीत ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचून तसे करायचे असते. १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगडसाठी हिंदी रूप करताना, परीक्षक करील तसे करून दाखवा, असा बदल करावा लागला. अशी चाचणी ऑनलाइन, पडद्यावर घेतली तर समोर असा परीक्षकही नसतो, आणि बोटाचा वेग मंदावला की स्मृतीच मंदावली असा गैरसमज होऊ शकतो. बडोद्याच्या मराठी घरांत तर आणखी एक पेच आहे. एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा म्हटल्यावर, घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलण्यात हयात गेलेली आजी आधी ‘मांजर’ म्हणते आणि थोड्या वेळाने ‘बिलाडी’. समोर बसलेला परीक्षक त्याचा एकच गुण धरील, पण एकाच भाषेची यादी घेऊन बसलेली आज्ञावली बिलाडीला प्राणी तरी मानील का?