उनकेश्वरचं गरम पाणी

पैनगंगेपलीकडे, नांदेडच्या किनवट तालुक्यात उनकेश्वरचे गरम झरे आहेत. खोल मुरलेलं पाणी जमिनीच्या पोटात तापून वर येतं. वास येतो तो गंधकाचा. इंग्लंडातल्या बाथ गावीही असेच झरे. तिथं लोक अंघोळीसाठी आठवडेच्या आठवडे भाड्यानं राहत. तीच 200-250 वर्षांची घरं आज पर्यटकांना देतात. उनकेश्वरलाही बाया अंगावरच्या चट्ट्यांसाठी जातात. जा, अंग मोकळं होतं. पण चट्टा बधिर असेल तर आधी आरोग्य केंद्रात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. तो गोळ्यांनी बरा होतो, 6 नाहीतर 12 महिन्यांत, आणि गोळ्या मोफत मिळतात. आमच्या गटातली एक ताई दोन वर्षं नुसती झऱ्यावर जात राहिली. बोटं वाकली, तेव्हा दवाखान्यात आली.