पाणी पिकू द्या : घरात पहिल्यांदा डिस्कस पाळताना

हैदराबादेत मासा म्हटलं की लोकांना रामनगरचा बाजार आठवतो, आणि जूनमध्ये मृगशीरा कार्तीला तिथे उसळणारी गर्दी. चिक्कडपल्लीहून तो बाजार अगदी जवळ. त्यामुळे मी ट्यूशनचे चार महिन्यांचे पैसे घेऊन मासे आणायला निघाले, तेव्हा मम्मीने सहज विचारलं, "कुठला आणतेस? पापलेट की रोहू?" मी म्हटलं, "डिस्कस. खायचा नाही, पाळायचा."

त्याच दिवशी टाकी आली, त्याच दिवशी पाणी भरलं आणि संध्याकाळी तीन डिस्कस त्यात सोडले. तिसऱ्या दिवशी ते काळवंडले. पाचव्या दिवशी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. सहाव्या दिवशी तिन्ही गेले. मला वाटलं, मासेच आजारी होते. तसं नव्हतं. मी त्यांना ज्या पाण्यात ठेवलं, ते पाणी तयारच नव्हतं. हा लेख त्या चुकीतून लिहिला आहे. तुमच्यापैकी कोणाला हा मासा पाळायचा असेल तर निदान माझी चूक परत होऊ नये.

हा मासा आहे तरी कोण?

नावाप्रमाणेच चपटा आणि गोल, थाळीसारखा. पूर्ण वाढला की १५ ते २० सेंटीमीटर. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातला. १८४० मध्ये योहान याकोब हेकेल या ऑस्ट्रियन अभ्यासकाने त्याला सिम्फिसोडॉन हे शास्त्रीय नाव दिलं. रिओ निग्रोसारख्या ज्या नद्यांत तो सापडतो, तिथलं पाणी कुजलेल्या पानांमुळे चहासारखं तांबूस असतं. कोमट, आम्लधर्मी आणि पावसाच्या पाण्याइतकं मऊ. दुकानात दिसणारे लाल, निळे, पिवळे डिस्कस मात्र जंगलातले नसतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने टाकीत वाढवून निवडलेले ते रंग आहेत.

डिस्कस हा सिक्लिड कुळातला. आता आपल्या जवळचं सांगते. मम्मीचं माहेर मालवणचं. तिथल्या खाडीत मिळणारा कालुंदर याच कुळातला, म्हणजे डिस्कसचा लांबचा चुलतभाऊ! हे सांगितल्यावर मम्मीचा विरोध थोडा कमी झाला. "मग तळून बघायचा का?" एवढंच ती म्हणाली.

डिस्कसची खरी नवलाई त्याच्या संसारात आहे. पिल्लं पोहायला लागली की आईबापांच्या अंगाला चिकटतात आणि त्यांच्या त्वचेवरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. आई थकली की बाप पुढे येतो. प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की पिल्लांच्या वयाप्रमाणे त्या स्रावातली प्रथिनं आणि रोगाशी लढणारी द्रव्यं बदलत जातात, जवळजवळ सस्तन प्राण्यांच्या दुधासारखी. साधारण तीन आठवड्यांनी आईबाप पिल्लांना टाळू लागतात. म्हणजे अंगावरून तोडणंही आलंच!

पाणी पिकणं म्हणजे काय?

माझे मासे गेल्यावर एका म्हाताऱ्या दुकानदार चाचांनी मला एकच वाक्य ऐकवलं, "बेटा, पहले पानी पकने दो." आपण आंबे अढीत पिकवतो, तसं पाणी पिकवायचं. त्यामागचं शास्त्र सोपं आहे.

मासा श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की आणखी अमोनिया. तो विषारी. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर काही जिवाणू वस्तीला असतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. नव्या टाकीत ही वस्तीच नसते. ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. माझ्या माशांना मी एक दिवसही दिला नव्हता.

त्यात आपल्या शहराचं पाणी. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, मध्ये बोअरवेल. खाली सगळा ग्रॅनाइट, त्यामुळे बोअरचं पाणी जड. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो तो त्याचाच. अशा पाण्याचा पीएच बहुधा चढा असतो, आणि पीएच एका अंकाने चढला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. पाणी गरम असेल तर तो आणखी वाढतो. डिस्कसला तर गरम पाणीच लागतं! म्हणजे जे पाणी गोल्डफिशने एखाद वेळी सोसलं असतं, त्यात डिस्कस टिकणं कठीण.

दुसऱ्या वेळी मी काय केलं

टाकी : चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे २५५ लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच अडीचशे किलो वजन. म्हणून ती भिंतीलगत, लोखंडी स्टँडवर ठेवली. एका माशामागे ४० लिटर हा ढोबळ हिशेब. तळाला वाळू नाही, झाडं नाहीत. दिसायला बोडकी, पण घाण लगेच दिसते आणि काढता येते.

वाट पाहणं : फिल्टर चालू, हीटर चालू, मासा एकही नाही. रोज चिमूटभर खाणं टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो. टेस्ट किटवर आधी अमोनिया चढला, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर आले. पाच आठवडे गेले. पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ही आमच्या मुलीची पाण्याची टाकी. मासे अदृश्य आहेत."

पाणी : नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माशांच्या कल्ल्यांना भाजतं आणि जिवाणूंनाही मारतं. म्हणून ड्रममध्ये पाणी भरून त्यात एअर पंपाचे बुडबुडे २४ तास सोडते. जडपणा कमी करायला घरच्या आरओचं पाणी मिसळते. आरओतून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरायचं, ही मम्मीची अट. पीएच खाली आणायची औषधं मात्र नको. टाकीत वाढलेले डिस्कस ७ ते ७.५ पीएच सहज सोसतात. रोजचा चढउतार सोसत नाहीत.

तापमान : २८ ते ३० अंश. डिसेंबरच्या रात्री हीटर हवाच. मे महिन्यात उलटा प्रकार : झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून वीज गेली की पहिली धाव बॅटरीवरच्या एअर पंपाकडे.

मासे : एकटादुकटा डिस्कस भेदरतो, आणि दोन-तीनच असले तर दांडगा कमजोराला छळतो. म्हणून पाच-सहा एकत्र आणावेत. घेताना अंग गोल आहे ना आणि डोळा अंगाच्या मानाने फार मोठा नाही ना, ते पाहावं. लहान अंगावर मोठा डोळा म्हणजे वाढ खुंटलेली. दुकानदाराला आपल्यासमोर खाणं टाकायला सांगावं. जो धावत येतो तो घ्यावा. काळवंडलेला, कोपऱ्यात तोंड घालून बसलेला किंवा पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

रोजचं काम : दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं खाणं, उरलेलं लगेच काढणं, आणि आठवड्यातून दोनदा ३० टक्के पाणी बदलणं. आमच्या हिशेबात प्रत्येक वेळी चार बादल्या. परीक्षा असो, पाहुणे असोत, चार बादल्या चुकत नाहीत.

शेवटी

आज टाकीत पाच डिस्कस आहेत आणि त्यांना वर्ष होत आलं. पिल्लं अजून झालेली नाहीत. नीट सांभाळले तर हे मासे दहा वर्षं जगतात. म्हणजे आज मासा आणला तर तुमचं एम.ए., नोकरी, कदाचित लग्न, सगळं त्याच्यासमोर होणार. घेण्याआधी एवढा विचार जरूर करा. पहिल्या तिघांच्या बाबतीत मी तो केला नाही. त्यांच्या सहा दिवसांचं मला अजून वाईट वाटतं.

आणि एक उपयोगाची गोष्ट. चालू फिल्टरमधला जुना स्पंज नव्या टाकीत ठेवला तर जिवाणूंची वस्ती लवकर बसते. मंडळातल्या कोणाला टाकी लावायची असेल तर सांगा, माझ्या फिल्टरमधला एक तुकडा देईन. मासे मात्र टेस्ट किटवर दोन्ही शून्य दिसल्यावरच आणा.